तळाचा

साकीनाक्याला, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीत
मी जगभरच्या खेळाडूंचे क्रमांक तपासते.
क्रमांक यंत्रच लावतं. किती जणांनी नाव शोधलं,
फोटोवर किती वेळ थांबले, त्यावरून.
मी फक्त बघायचं, की एकाचा चेहरा
दुसऱ्याच्या नावावर चिकटलेला नाही
आणि मेलेला कुणी अजून वर चढत नाहीये.

माझ्या वाट्याला स्लोव्हाकियाचं आईस हॉकी आलं.
खेळाडू तीनशे बारा. तीनशे बारावा
ब्लाझेय कुद्लाच, वय चौतीस, बचावफळी,
अख्ख्या कारकिर्दीत गोल अकरा.
फोटोत ओठ घट्ट मिटलेले.
पुढचे दोन दात नाहीत, हे मला
चौथ्यांदा बघताना कळलं.

सकाळी तो तीनशे नऊ.
म्हणजे मी चार वेळा बघितलं
आणि सातासमुद्रापलीकडची तीन माणसं खाली गेली.
एवढी सत्ता मला वेसाव्यात कुणी दिली नव्हती.

आई टोच्यानं लादी फोडत होती.
"बर्फावर खेळतात? नि मासळी कुठं ठेवतात?"
नाव तिच्या तोंडात बसेना.
कुदळ, म्हणाली.
तेव्हापासून तो कुदळ.

संध्याकाळी बाजारात तिनं फोन फिरवला.
पास्कलीनमावशीनं बघितला, हिरूनं, बर्फ कारखान्यातल्या यशवदननं.
काचेवर खवलं चिकटली.
"तोंड फोडून घेतलंय मेल्यानं."
"लग्न झालंय का?"
"तुला काय करायचंय, तुझे दात आहेत तेवढे सांभाळ."
आठवडाभर हेच.
कुदळ दोनशे एक्क्याऐंशी.

मग प्रद्युम्नसाहेबांनी नकाशा उघडला.
सगळे ठिपके युरोपात, गोळा होऊन बसलेले,
आणि एक इकडे, अरबी समुद्राला अगदी टेकून.
"मुंबईत कोण बघतंय ह्याला?
गोंगाट आहे. काढून टाक."
मी काढला.
पास्कलीनमावशीला, हिरूला, आईला, मला.
कुदळ परत तळाला.

मार्चमध्ये एका रात्री तो एकदम सातवा.
मला वाटलं चेहरा चुकला.
तोच होता, ओठ मिटून.
गुडघा गेला होता त्याचा, खेळ सोडतो म्हणाला होता.
माणूस उठून निघाला
की दारात चपला वाढतात,
हे काय आम्हाला कुणी शिकवायला हवं?

पुढच्या सोमवारी चाळीस. मग एकशे दहा. मग
"घसरला गं," मी आईला म्हटलं.
तिनं त्याची एक जुनी मॅच लावायला सांगितली,
फोन मिठाच्या बरणीला टेकवला, पाटावर बसली.
अकरा गोलांतला एकही त्यात नव्हता.
नुसता आडवा येत होता तो, मागं सरकत,
पुढ्यात येईल त्याला अंगावर घेत.
"घसरला काय म्हणतेस? तो येतोच घसरत.
लादी बोटीत कशी जाते? चालत?"
आणि त्याच दमात,
"यशवदनला उद्या दोन जास्त सांग. पापलेट येतंय."

त्या रात्री मी त्याच्या नावापुढे तपासल्याची खूण केली.
क्रमांक बघितला नाही.
खोटं कशाला बोलू, बघितला. तीनशे चार.
खाली अजून आठ जण आहेत.
त्यातल्या एकाचा फोटोच नाही,
नुसती राखाडी आकृती, खांद्यांपर्यंत.
साहेब चहाला गेले होते.
मी तिच्यावर जरा वेळ थांबले.